मामांना टिप किती आणि कशी

३ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी ९.४०
नवीन वही. जुन्या वहीत 'सल्लागार म्हणून कामं मिळवण्याच्या वाटा' एवढं शीर्षक होतं, त्यापुढे हिने वाणसामानाची यादी लिहिली. ही वही कोणाला दाखवायची नाही.

बाबांच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन अकरा दिवस झाले. डॉक्टर म्हणाले, रोज वॉकर धरून चालवा. मार्चच्या मध्यापर्यंत पाय मोकळा झाला नाही, तर माणूस कायमचा खाटेला लागतो. बाबा ब्याऐंशीचे आहेत आणि हट्टी आहेत. ही नऊला लॅबमध्ये जाते. मी स्वेच्छानिवृत्ती घेतल्यामुळे सगळा भार माझ्यावर.

आजपासून रुग्णसेवा ब्यूरोने दिवसाचा माणूस दिलाय. पन्नाशीचे, बुटके, शर्टाच्या बाह्या कायम दुमडलेल्या. दवाखान्यात म्हणतात तसं आम्हीही त्यांना मामा म्हणायचं ठरवलं. आंघोळ, दाढी, चालवणं सगळं तेच करतील. पगार ब्यूरो देतं. पण वरच्या टिपबद्दल करारात एक अक्षर नाही! कंपनीत एकवीस वर्षं मनुष्यबळ विभाग सांभाळलाय मी. माणूस करारावर येतो आणि करारात नसलेल्या गोष्टींवर टिकतो. मामा टिकायला हवेत.

निश्चय: टिपचं धोरण आजच ठरवायचं.

दुपारी १२.१५
धोरण ठरलं नाही. विचार करायला फेऱ्या माराव्या लागतात. मोबाइल म्हणतो, माझी आज चार हजार दोनशे पावलं झाली. बाबांची नऊ.

४ फेब्रुवारी, मंगळवार
टिप देणं ही कला आहे. अशी द्यायची, की घेणाऱ्याला घेतल्यासारखं वाटू नये आणि देणाऱ्याला मात्र दिल्यासारखं वाटावं. मोजून दाखवणं, 'ठेवा, ठेवा' म्हणणं हे सगळं अडाणीपणाचं. नोटेच्या चार घड्या करून तळहातात धरायची आणि निघताना हात मिळवता मिळवता सरकवायची. आरशासमोर बारा वेळा सराव केला. हिने विचारलं, कोणाशी चाललंय? सांगण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी ६.१०
मामा निघाले. मी सोफ्यावर होतो. हसतमुखाने हात पुढे केला. त्यांना वाटलं, मला उठायला आधार हवाय. त्यांनी कोपराखाली हात घालून मला अलगद उभं केलं, सावकाश, घाई नाही म्हणाले, आणि मी दोन पावलं टाकेपर्यंत धरून ठेवलं. नोट माझ्याच मुठीत राहिली.

उद्यापासून उभ्यानेच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
मामांची चालवण्याची एक पद्धत आहे. खोलीबाहेरच्या पॅसेजमध्ये ते एक खुर्ची ठेवतात आणि खुर्चीवर पेपर. बाबांना पेपर हवा असेल तर चालत जायचं. दुसऱ्या दिवशी खुर्ची एक फरशी लांब. बस्स. ना सूचना, ना शाबासकी. आज सहावी फरशी. बाबा मला एकदाही म्हणाले नाहीत, पेपर आणून दे. मी दोनदा विचारलं होतं.

टिप: मामांच्या एका हातात बादली, दुसऱ्यात भांडं. म्हणून ॲप्रनच्या खिशात सरकवली. अगदी अलगद, त्यांना कळलंसुद्धा नाही. सफाई म्हणतात ती हीच.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
त्यांना कळलं नाही, हिलाही कळलं नाही. ॲप्रन काल रात्री मशीनमध्ये गेला. नोट सकाळी दोरीवर क्लिप लावून वाळत होती. ही म्हणाली, द्यायचे तर सरळ हातात द्यावेत, चोरी केल्यासारखं काय ते.

८ फेब्रुवारी, शनिवार
चहाच्या बशीखाली ठेवली. हॉटेलात चालतं, घरात का चालू नये? मामांनी कप-बशी स्वतःच विसळली आणि नोट हिच्याकडे नेऊन दिली. वर म्हणाले, वहिनी, साहेबांचे पैसे इकडेतिकडे पडतात, जरा लक्ष असू द्या, वयाने होतं असं.

मी चोपन्न वर्षांचा आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार
धक्का. आज ही लवकर घरी आली. मामा निघत होते. हिने पर्स उघडली, म्हणाली, मामा, हे घ्या. मामा म्हणाले, बरं वहिनी. खिशात टाकले, चप्पल घातली, गेले. चार सेकंद!

चौकशी केली तर ही पहिल्या आठवड्यापासूनच देते. बाबाही देतात, उशीखालून. म्हणजे या घरात मामांना टिप न दिलेला माणूस एकच आहे, आणि तो या विषयातला जाणकार आहे.

बाबांच्या खोलीतून हसण्याचे आवाज येतात. मी गेलो की दोघं गप्प होतात. माझा थोडा दरारा आहेच, पण करमत नाही. दुपारी गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत. फ्रिज किती वेळा उघडला ते लिहीत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
सुचलं! मुळात सरसकट टिप देणंच चूक. हिची टिप म्हणजे दया, बाबांची म्हणजे माया. टिप कामगिरीवर हवी. एक फॉर्म तयार केला. सात रकाने: वेळ, स्वच्छता, आंघोळ, दाढी, चालवणं, बोलणं-वागणं, एकूण. प्रत्येकापुढे चार पर्याय: उत्कृष्ट, चांगले, साधारण, असमाधानकारक. खाली शेरा. फॉर्म दर शनिवारी लाभार्थी म्हणजे बाबा भरणार, त्यावरून मी टिप ठरवणार. उत्कृष्ट आले तर मामांचे डोळे दिपतील अशी टिप द्यायची, असं मनाशी पक्कं केलंय. आणि बाबा त्यांच्यावर इतके खूश आहेत की दुसरं काय येणार? म्हणजे मामाही कायमचे बांधले जातील आणि देणारा हात माझा राहील.

ही म्हणाली, हे घर आहे. मी म्हटलं, म्हणूनच.

१५ फेब्रुवारी, शनिवार. दुपारी ३
बाबा फॉर्म हातात घेताच उठून बसले. चष्मा मागितला, पेन मागितलं, माझं पेन नको म्हणून त्यांचं शाईचं मागितलं. विचारलं, हा पुढे कुठे जाणार? वजन यावं म्हणून म्हटलं, वर जाणार, ब्यूरोकडे. बाबांनी मान डोलावली आणि दार लावून घ्यायला सांगितलं. अर्धा तास लागला. सरकारी खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस, कागदाचा मान राखणारच.

दुपारी ४.२०
विश्वास बसत नाही. सहा रकान्यांत 'साधारण'. दाढीपुढे 'असमाधानकारक'. शेरा, बाबांच्या वळणदार अक्षरात: 'सदर इसमास आहे त्याच जागी ठेवावे. अन्यत्र पाठवण्यास सर्वथा अपात्र.'

म्हणजे इतका वाईट, की दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारायचीही बाबांना लाज वाटते! आणि बिचारे तोंडावर हसून दाखवत होते. म्हातारपणी माणूस परस्वाधीन होतो तो असा. बरं झालं, फॉर्म काढला.

संध्याकाळी ६.३०
कर्तव्य कठोर असतं. मामांना समोर बसवून फॉर्म दिला. सुधारणेला वाव, संधी, पुढचा शनिवार असं सगळं नीट बोललो. टिप या वेळी नाही, का नाही तेही समजावलं. मामांनी चष्मा पुसला, वाचलं. विचारलं, हे आजोबांनी लिहिलं? मी म्हटलं, अक्षर बघा ना. त्यांनी पुन्हा वाचलं, 'दाढी'च्या रकान्यावर बोट ठेवून थांबले. मग आत जाऊन वॉकर खाटेच्या उजव्या अंगाला लावला, पाण्याचा तांब्या झाकला, येतो म्हणाले.

प्रत ब्यूरोला पाठवली. फार दिवसांनी काहीतरी हातावेगळं केल्यासारखं वाटलं.

१७ फेब्रुवारी, सोमवार
मामा वेळेवर आले. बाबा बोलत होते, मामा हो-नाही एवढंच. दाढी करायला दीड तास लावला. बघितलं तर गाल नुसते आरशासारखे. फॉर्मचा परिणाम! चौदावी फरशी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
मामा आले नाहीत. ब्यूरोला फोन केला. बाई म्हणाल्या, त्यांनी स्वतःच बदली मागून घेतली, तुमचा फॉर्मही मिळाला, दुसरा माणूस पाठवतोय. तत्पर संस्था आहे. बाबांना सांगितलं, मामांची बदली झाली. बाबांनी चष्मा काढला. विचारलं, माझं वाचूनसुद्धा? मी म्हटलं, वाचूनच. ते भिंतीकडे वळले.

१९ फेब्रुवारी, बुधवार
नवा माणूस मोकळा आहे. कानात सतत काहीतरी घातलेलं असतं. दारातच म्हणाला, साहेब, वरचं काय ते आधीच बोलून घेऊ. मला आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी टिप विनाविघ्न पार पडली. हातातून हातात, घड्यासकट. घेतली आणि अर्ध्या तासाने जेवायला म्हणून गेला तो चारला आला.

बाबा उठले नाहीत. खुर्ची चौदाव्या फरशीवर, पेपर तिच्यावर तसाच.

२२ फेब्रुवारी, शनिवार
चार दिवस झाले, बाबा उठत नाहीत. नव्या माणसाने ओढून बसवलं, तर त्याच्या अंगावर पाणी सांडलं. मुद्दाम सांडलं असावं. दाढी वाढली आहे. डॉक्टर येऊन गेले. सतत पडून राहून टाच लाल झालेली दिसली त्यांना. तीन आठवडे उरलेत, हे असंच चाललं तर पुढे मला विचारू नका, म्हणाले. मी फॉर्म दाखवायला गेलो होतो, तो मागे लपवला.

ही माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण 'मीठ इकडे दे' एवढंच. घरात चाललो नऊ हजार पावलं. भीती वाटते आहे. ती चालून कमी होत नाही.

निश्चय: मामांना परत आणायचं. टिप तिप्पट.

२४ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी ७
ब्यूरोतून पत्ता मिळवला. मामा आता एका आजींकडे आहेत. पाकीट तयार केलं. रस्त्यात वाटलं, पाकीट फार सरकारी दिसतं, म्हणून नोटा काढून खिशात ठेवल्या. जिन्यात वाटलं, सुट्ट्या फार उघड्या दिसतात, म्हणून परत पाकिटात. बेल वाजवली तेव्हा निम्म्या आत, निम्म्या बाहेर होत्या.

मामा हात पुसत दारात आले. मी म्हटलं, झालं गेलं विसरा, हे ठेवा. ते म्हणाले, टिप नको साहेब. अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय, लोकांनी थुंकलेलं पुसलंय, वाईट कधी वाटलं नाही. गेलेल्या माणसाचीसुद्धा शेवटची दाढी मी त्याला दुखेल की काय अशा हलक्या हाताने करतो. आजोबांना फक्त एवढं विचारा, की दाढीत काय चुकलं. कळलं तर झोप लागेल मला.

आतून आजींनी हाक मारली. ते आत गेले. मी पाकीट धरून उभा.

घरी चालत आलो. रिक्षा मिळत होती.

२५ फेब्रुवारी, मंगळवार
बाबांना विचारलं. ते एकदम भडकले. म्हणाले, गाढवा, दाढीत काय चुकायचं? लोण्यासारखा हात त्याचा! मी म्हटलं, मग असमाधानकारक का लिहिलं? तर म्हणाले, चौतीस वर्षं माणसांचे गोपनीय अहवाल लिहिले मी. सुरुवातीला एका कारकुनाला उत्कृष्ट दिलं, सोन्यासारखा माणूस. दोन महिन्यांत बढती देऊन उचलला त्याला वरच्यांनी, लांब कुठेतरी. दुसऱ्याला दिलं, तोही गेला. तेव्हापासून ठरवलं, ज्याला ठेवायचंय त्याला साधारण. ज्याला घालवायचंय त्याला उत्कृष्ट, की महिन्यात टेबल मोकळं. तू म्हणालास, कागद वर जाणार. मग मी काय त्याला उत्कृष्ट देऊन हातातून घालवू?

एवढं बोलून बाबांना धाप लागली. डोळे भरले होते. म्हणाले, शिपायाची बदली टाळायला पूर्वी मी असमाधानकारकसुद्धा लिहिलंय, कोणी त्याला हात लावला नाही. तुमच्या काळात कागद वाचायची अक्कल राहिली नाही.

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. मी बाबांचा हात धरला. त्यांनी तो काढून घेतला नाही, पाणी मागितलं.

संध्याकाळी ५.१५
फेऱ्या मारता मारता एक गोष्ट लक्षात आली आणि मी पॅसेजमध्येच खाली बसलो. बाबा मला जन्मभर काय म्हणत आले? साधारण. दहावीचा निकाल लागला, साधारण. नोकरी लागली, साधारण. लग्नात हिच्या वडिलांनी विचारलं, मुलगा कसा आहे, बाबा म्हणाले, साधारण आहे. आणि ताईला? ताईला प्रत्येक वेळी उत्कृष्ट! ताई आज कुठे आहे? समुद्रापार!

म्हणजे चोपन्न वर्षं मी ज्याला कमीपणा समजत होतो, ते प्रेम होतं. बाबांना मी जवळ हवा होतो.

धावत जाऊन हिला सांगितलं. हिने गॅस बंद केला. मग म्हणाली, हात धू, जेवायला वाढते. आज पहिल्यांदा मिठाव्यतिरिक्त काही बोलली.

२६ फेब्रुवारी, बुधवार
मामांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून आधी हसण्याचा आवाज आला, मग नाक शिंकरल्याचा. म्हणाले, आजोबांना द्या फोन. मी दिला. दोघं पाऊण तास बोलले, दार लावून.

मामा येणार. पण आत्ता नाही. त्या आजींचं नऊ मार्चपर्यंत बोलून झालंय, मध्येच सोडणार नाहीत. तोपर्यंत काय? एकच उपाय: नव्याला निरोप आणि बाबांचं सगळं मी करणार. पोटच्या पोराला टिप लागत नाही. शिवाय बाबांना मी जवळ हवा आहेच.

२७ फेब्रुवारी, गुरुवार
दाढी: तीन चिकटपट्ट्या. बाबा वळले म्हणून. आंघोळ: पाणी आधी गार, मग गरम, मग संपलं. पण बाबा उठले! वॉकर धरून तीन फरशा. मी प्रत्येक पावलाला मोजत होतो, शाबास म्हणत होतो. तीन फरशांनंतर बाबा म्हणाले, तू आत जा. मी गेलो नाही.

२ मार्च, रविवार
मामांची एक-एक फरशीची पद्धत संथ आहे. मी खुर्ची एकदम पाच फरशा लांब नेली. बाबा निम्म्यात थांबले, मी पेपर घेऊन पुढे गेलो आणि उमेद वाढावी म्हणून त्यातल्या मुख्य बातम्या वाचून दाखवल्या. ते म्हणाले, आता मी कशाला येऊ? तरी सात फरशा.

दाढी: एक पट्टी. प्रगती आहे.

४ मार्च, मंगळवार
बाबांना गुडघा किती अंशात वाकवायचा याचा तक्ता काढून खाटेसमोर लावला. दुपारी ते झोपले असता उशी नीट करायला तीनदा गेलो. तिसऱ्यांदा म्हणाले, तुला काही काम नाही का? मी म्हटलं, तुम्हीच माझं काम. त्यांनी डोळे मिटून घेतले. भरून आलं असावं.

संध्याकाळी मामांशी त्यांचा फोन. आता रोजच असतो. दाराला कान लावला नाही, पण पॅसेजमधूनच जावं लागतं. बाबा म्हणत होते, अहो, रात्रंदिवस असतो हो. पुढचं कळलं नाही.

६ मार्च, गुरुवार
अठरा फरशा! मी जरा भाजी आणायला गेलो होतो, तेवढ्यात. ही घरी होती, तिने पाहिलं. माझ्या तक्त्याचं यश.

८ मार्च, शनिवार. सकाळी ११
बाबांनी स्वतःहून फॉर्म मागितला. कोरा आहे का, विचारलं. मी म्हटलं, मामा तर सोमवारपासून येणार. म्हणाले, त्याचा नाही, तुझा. चष्मा घेतला, शाईचं पेन घेतलं, दार लावायला सांगितलं.

मी काही अपेक्षा ठेवलेली नाही. साधारण येणार. साधारणच यावं.

दुपारी १२.४०
वॉकरची टकटक ऐकू आली. हॉलमध्ये होतो. बघतो तर बाबा. एकटे. खोलीतून निघून, खुर्ची ओलांडून, पॅसेज संपवून, थेट हॉलमध्ये माझ्यासमोर. सव्वीस फरशा, मोजल्या मी. डॉक्टरांनी सांगितलेली तारीख यायला अजून आठवडा आहे. बाबा, चाललात, एवढंच म्हणालो.

त्यांनी खिशातून फॉर्म काढून दिला. वेळ: उत्कृष्ट. स्वच्छता: उत्कृष्ट. आंघोळ, दाढी, चालवणं, सगळं उत्कृष्ट. शेरा: 'अत्यंत होतकरू. वरच्या जागी तातडीने रवाना करावे.'

मी दोनदा वाचलं. मग बाबांनी हात पुढे केला. मी हातात हात दिला, तर तळव्यात चार घड्या केलेली नोट. मला कळलंसुद्धा नाही ती कधी आली ते. मी म्हटलं, बाबा, मुलाला कसली टिप? ते म्हणाले, टिप नाही, निरोपाची आहे. आणि वॉकर वळवून सावकाश परत गेले.

घेतली. ही विचारत होती, काय झालं. सोमवारपासून बाहेर काहीतरी काम बघतो, म्हटलं.